भज्यातलं पाणी

परवा फोनवर तू बेसनाला नावं ठेवलीस, त्याच्या आधी तेलाला ठेवली होतीस. भजी कढईतून काढताना कुरकुरीत असतात आणि ताटात येईपर्यंत मान टाकतात, ही तुझी तक्रार. पोरी, बेसनाचा काही दोष नाही. तुझ्या भज्यांत पाणी राहतं. मावळात पावसाळ्याचे चार महिने भज्यांची गाडी लावायची म्हणजे चार महिने पाण्याशी भांडण असतं. कांद्यातलं पाणी, बटाट्यातलं पाणी, हवेतलं पाणी, धुतलेल्या झाऱ्याला चिकटलेलं पाणी. सासूबाईंनी मला पहिल्यांदा गाडीवर उभं केलं तेव्हा तिखटमिठाचं प्रमाण सांगितलंच नाही. म्हणाल्या, पाणी कुठनं येतंय ते आधी बघायला शीक, चव मागनं येईल.

त्यांचे धंद्याचे दोन हंगाम. चैत्रात एकवीरेची यात्रा, तेव्हा कार्ल्याला डोंगराच्या पायथ्याशी. आणि आषाढ-श्रावणात भाजे लेण्याच्या वाटेवर, मळवलीला लोकलमधून उतरून लेणी, लोहगड, विसापूर करायला येणाऱ्या मंडळींसाठी. हात तोच, मसाला तोच. पण चैत्रातलं भजं टोपलीत तासभर उघडं पडलं तरी दाताखाली वाजायचं, आणि आषाढातलं गिऱ्हाईक पैसे सुटे करेपर्यंत लोळायचं. लोणावळ्याला वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पुण्यात जेमतेम सात-साडेसातशे. तू वाकडला, म्हणजे मधल्यामध्ये. पण जुलैत तुझ्याही खिडकीतून तीच ओल आत येते. म्हणून पुस्तकातलं प्रमाण घेऊन बसू नकोस. बाहेर पाऊस आहे का ऊन, ते बघून हात चालव.

सुरुवात डब्यापासून कर. पावसाळ्यात बेसनाचा डबा उघडलास की पीठ मुठीत दाबून बघ. मुटका होऊन तसाच राहिला तर त्याला ओल लागलीय. मंद तव्यावर कोरडंच दोन-तीन मिनिटं परत, रंग बदलू द्यायचा नाही, गार कर आणि मग वापर. मी तर जूनमध्ये पीठ भरून ठेवतच नाही, हरभऱ्याची डाळ ठेवते आणि आठवड्यापुरतं गिरणीतून दळून आणते. कांदाभज्यांना किंचित रवाळ दळलेलं चांगलं, वड्याच्या आवरणाला बारीक. दुकानातल्या स्वस्त बेसनात वाटाण्याचं पीठ असलं तर भजं आधी फुगतं आणि मग चिवट होतं, तेवढं बघून घे.

आता कांदा. अर्धा किलो घे. उभा चीर, पातळ, पण पारदर्शक नको. पाकळ्या हातानं मोकळ्या कर. त्यावर सपाट चमचाभर मीठ घालून हलक्या हातानं चोळ आणि पंधरा-वीस मिनिटं विसरून जा. इथंच घरोघर घाई होते. कांदा चिरला, पीठ टाकलं, कोरडं वाटलं म्हणून वरून पाणी ओतलं. आणि मग मीठ आपलं काम करतं, कांदा स्वतःचं पाणी सोडतो, पीठ सैल होतं, म्हणून आणखी बेसन. झालं, कांद्याची भजी राहिली बाजूला, बेसनाचे गोळे हातात आले. कांद्याला आधी पाणी सोडू दे आणि त्या पाण्यात जेवढं बेसन मावेल तेवढंच घाल. अर्धा किलो कांद्याला सव्वाशे ते दीडशे ग्रॅम पुरतं. दोन चमचे तांदळाचं पीठ, हळद, तिखट, तळहातावर चोळलेला ओवा, बारीक चिरलेली हिरवी मिरची, कोथिंबीर. वरून चमचाभर कडकडीत तेल. पाण्याचा एक थेंब नाही आणि सोडा तर अजिबात नाही; सोड्यानं भजं हलकं होतं खरं, पण तेल ओढून घेतं.

कांदा कुठला, हेही बघत जा. जून-जुलैत बाजारात असतो तो चाळीत साठवलेला उन्हाळी कांदा. चाकणच्या बाजारातनं तोच येतो. साल खडखडीत, आत पाणी कमी, भज्यांना त्याच्यासारखा दुसरा नाही. दिवाळीच्या आसपास नवा लाल कांदा सुरू झाला की तेच प्रमाण चुकायला लागतं, कारण तो पाणीदार. तेव्हा मीठ लावून ठेवलेला कांदा हलकेच दाबून थोडं पाणी काढून टाकायचं, आणि त्या हिशेबानं मीठही जपून घालायचं.

तांदळाच्या पिठाबद्दल एक सांगते, म्हणजे तुझे काका रागावले तरी चालतील. आपल्याकडं सगळ्याला इंद्रायणी. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून 1987 साली निघालेला वाण, मावळचा अभिमान, वासाला आणि मऊपणाला तोड नाही. पण हा मऊ, चिकट तांदूळ भातात शोभतो, भज्यात नाही. भज्यांना कोलम किंवा रेशनचा जाडा तांदूळ दळलेला बरा, भजं खडखडीत राहतं. काका ऐकत नाहीत. ते घरात इंद्रायणीच दळून आणतात आणि मी गाडीवरचा डबा वेगळा ठेवते.

गाडीवर आम्ही सगळा कांदा एकदम पिठात कालवत नाही. परातीत मीठ लावलेला कांदा एका बाजूला, पीठ-मसाला दुसऱ्या बाजूला, आणि दर घाण्यापुरतंच कालवायचं. कारण कालवलेलं मिश्रण दहा मिनिटं जरी बसलं तरी कांदा पाणी सोडतच राहतो आणि शेवटचा घाणा पहिल्यापेक्षा ढिला होतो. तुझ्याकडं दहा पाहुणे येणार असले तर तूही तसंच कर. भांडं एक जास्त धुवावं लागेल, तेवढंच.

तेलाबद्दल तू विचारलंस की गाडीवरचं तेल कधी गार का होत नाही. आमची कढई लोखंडाची, जाड बुडाची, आणि तेल असतं पाच-सहा लिटर. त्यात भजी पडली तरी तेलाला पत्ता लागत नाही. तुझ्या पातळ कढईत अर्धा लिटर तेल. त्यात तू वीस भजी सोडतेस, तेल दमतं आणि भजी तळायच्या ऐवजी शिजतात. एका वेळी सहा-सात सोड. जास्त भूक लागलेल्यांना चहा दे, थांबतील. आणि जमलं तर जाड लोखंडी कढई घे. जुनी मिळाली तर उत्तमच.

तेल तापलं का ते बघायला पिठाचा एक थेंब सोड. थेंब तळाशी जाऊन क्षणभर थांबला आणि मग बुडबुडे घेत वर आला, तर तेल बरोबर. गेल्या गेल्या वर येऊन लाल झाला तर आच कमी कर, कारण बाहेरून करपेल आणि आतलं पाणी आतच राहील. ते पाणी मग ताटात आल्यावर बाहेर येतं. तुझी भजी मान टाकतात ती याच्यामुळं. भजी सोडल्यावर कान देऊन ऐक. आधी मोठा चरचराट असतो, फेस वर येतो, बुडबुडे मोठे-मोठे. ते पाणी चाललंय. हळूहळू आवाज बारीक होतो, बुडबुडे मोहरीएवढे होतात आणि फेस निवतो. त्याच्या आधी झारा घालायचा नाही. रंग बघून काढणारी माणसं फसतात, आवाज ऐकून काढणारी फसत नाहीत. तुझे काका रेडिओ लावून भजी तळायला लागले की मी आधी रेडिओ बंद करते.

झारा धुतलास तर कोरड्या फडक्यानं पूस. ओला झारा तेलात गेला की तडतड उडून हातावर येतं. मिरची भज्यांची मिरचीही धुऊन, पुसून, उभी चीर देऊनच घे. चीर नसलेली मिरची तेलात फुटते आणि डोळ्यापर्यंत उडते.

काढलेली भजी कागदावर टाकू नकोस. कागद वरचं तेल टिपतो, पण खालून वाफ कोंडते आणि खालची बाजू ओली होते. जाळी असू दे किंवा पिठाची चाळण उलटी घाल, पण खालून वारं लागलं पाहिजे. आणि गरम राहावीत म्हणून झाकण ठेवायचा मोह टाळ. झाकणाला आतून पाणी सुटतं आणि सगळं भज्यांवर ठिबकतं. वर्तमानपत्रात तर बांधूच नकोस. आमच्या काळी सगळे बांधायचे. पण त्या शाईत नको ती द्रव्यं असतात म्हणून अन्नसुरक्षावाल्यांनी 2016 मध्येच लोकांना सावध केलंय. आता गाडीवर साधा कोरा कागद असतो.

आता आमच्या गाडीची गुपित म्हणावी अशी एकच गोष्ट, आणि ती काही फार मोठी नाही. शनिवारी-रविवारी पुण्याची लोकल आली की एकदम तीस-चाळीस माणसं येतात. प्रत्येकाला ताजी भजी तळून द्यायची तर दिवस मावळेल. म्हणून आम्ही आधीच कच्ची-पक्की तळून ठेवतो. फिकट पिवळी झाली, फेस निम्मा उतरला की काढायची आणि चाळणीवर मोकळी पसरायची. गिऱ्हाईक आलं की तेल चांगलं कडक करून मिनिटभर परत तळायची. पहिल्या तळणीत आतलं पाणी कमी होतं, बाहेर पसरल्यावर आतली उरलेली ओल वरच्या कवचाकडं येते आणि दुसऱ्या तळणीत तीही उडते. लोक म्हणतात गाडीवरचं ताजं असतं म्हणून छान लागतं. ते दोनदा तळलेलं असतं म्हणून छान लागतं. तू पाहुण्यांच्या आधी तासभर हे करून ठेवलंस तर तुला त्यांच्यात बसायलाही मिळेल.

आणि खरं सांगू का, भुशी धरणाजवळ खाल्लेल्या भज्यांचं तू एवढं कौतुक करतेस, ती काही जगावेगळी नसतात. पायऱ्यांवर तासभर भिजून, कुडकुडत आलेल्या माणसाला गरम काहीही गोड लागतं. तुझ्या घरी पंखा लावून, पोटभर जेवलेल्या माणसांपुढं तीच भजी ठेवलीस तर ती नावं ठेवतील. भजी दुपारच्या जेवणानंतर लगेच करू नकोस, चार वाजू दे.

वड्याचं गणित थोडं वेगळं. त्यात पाणी येतं ते बटाट्याच्या उकडण्यातून. बटाटा जुना घे. नव्या बटाट्यात पाणी जास्त आणि सारण चिकट होतं. सालासकट अख्खा उकड, फोडी करून उकडू नकोस. कुकरमधून काढल्यावर लगेच पाण्याबाहेर काढ, सोलून ताटात पसर आणि पूर्ण गार होऊ दे, वाफ निघून जाईपर्यंत. मग हातानं फोड, किसणीवर किसू नकोस. मध्ये मध्ये बोराएवढे तुकडे राहिले पाहिजेत. आलं, लसूण, हिरवी मिरची खलबत्त्यात कूट. मिक्सरमध्ये वाटायचं म्हणून पाणी घालतेस ना, ते बंद कर. तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, मग हा ठेचा अर्धा मिनिट, हळद, आणि गॅस बंद करून बटाटा. लिंबू आणि कोथिंबीर सारण गार झाल्यावर.

आवरणाच्या पिठात मात्र पाणी लागतंच. पण एकदम ओतायचं नाही. आधी घट्ट कालव, गुठळ्या मोड, मग थोडं थोडं सैल कर. चमचा बुडवून काढला आणि पाठीवर बोट फिरवलं तर रेघ राहिली पाहिजे. चिमटीभर सोडा इथं चालतो, तोही वडे सोडायच्या वेळीच. वडा सोडताना हातावरचे जे थेंब कढईत पडतात ते फेकू नकोस, झाऱ्यानं गोळा कर. तोच चुरा. पावात वड्याबरोबर घातला की मुलं आधी तोच शोधतात.

वडापाव दादरला स्टेशनाबाहेर 1966 साली सुरू झाला असं सांगतात, पण घाटातला वडा आपल्या लोकांना रेल्वेनं चाखवला. बोरघाटातून 1863 मध्ये गाडी सुरू झाली आणि घाट चढायला कर्जतला मागून जादा इंजिनं जोडावी लागतात, म्हणून गाडी तिथं जरा जास्त थांबते. त्या थांब्यावर दिवाडकरांचा वडा नावारूपाला आला. आईबरोबर मुंबईहून येताना कर्जत यायच्या आधीच आम्ही सुटे पैसे मुठीत धरून खिडकीशी बसायचो. त्याच्याबरोबरची कोरडी लसणाची चटणी मला वड्याइतकीच महत्त्वाची वाटते. ती तुझी ओली होते, कारण तू कच्चा लसूण तसाच मिक्सरला लावतेस. सुकं खोबरं किसून मंद आचेवर बदामी भाज. सोललेला लसूण दोन थेंब तेलावर परत, कडा सुकेपर्यंत. तीळ वेगळे भाज. सगळं गार झाल्यावर लाल तिखट आणि मीठ घालून मिक्सर थांबत थांबत फिरव. सलग फिरवलास तर खोबऱ्याला तेल सुटून गोळा होतो. पावसाळ्यात ही चटणी फ्रीजमध्येच ठेव आणि चमचा कोरडा वापर.

पाव पावसात आपोआप ओला पडतो. एका बाजूनं जोडलेला ठेवून काप, आतली बाजू कोरड्या तव्यावर मिनिटभर ठेव. लोणी लावू नकोस. लोणी पावभाजीला.

मक्याचं कणीस तू दोनदा करून बघितलंस आणि सुरकुत्या पडल्या म्हणालीस. तू स्वीट कॉर्न आणलं असणार. त्यात पाणी आणि साखर दोन्ही भरपूर, म्हणून ते निखाऱ्यावर भाजायच्या आधी आतल्या आत उकडतं आणि आकसतं. भाजायला गावठी मका, कोवळा पण दाणा भरलेला. दाण्यात नख रोवून बघ, दूध यावं, पाणी नव्हे. आणलास त्याच दिवशी भाज, ठेवलास तर गोडी उतरते. गॅसवर जाळी ठेवून सारखं फिरवत राहा. कोळशाचा वास येणार नाही, ते मान्य कर. अर्ध्या लिंबाला मीठ-तिखट लावून कणसावर चोळताना पहिल्यांदा दाबू नकोस, नाहीतर सगळा रस पहिल्या दोन ओळींतच संपतो.

स्वीट कॉर्नची भजी कर खुशाल, पण एक ध्यानात ठेव. अख्खा दाणा तेलात गेला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि तो फटाक्यासारखा उडतो. दाणे जाडसर वाटून घे, आणि थोडे अख्खे हवेच असतील तर ठेचून घाल. लहान मुलाला त्या वेळी ओट्याजवळ उभं करू नकोस.

चिक्की घरी कर, पण धो धो पावसात नको. गूळ आणि शेंगदाणे समभाग, गूळ चिक्कीचा म्हणून मागून घे. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला की कटकन तुटला पाहिजे. वाकला तर अजून आच दे. तेल लावलेल्या ओट्यावर लाटून गरम असतानाच सुरीनं खुणा कर, आणि पूर्ण गार झाली की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भर. गुळाला हवेतली ओल ओढायची खोड आहे. लोणावळ्यातली दुकानं प्रत्येक पाकीट सील का करतात, ते पावसाळ्यात एक तुकडा ताटात रात्रभर ठेवून बघ.

भेळ करायची तर चुरमुरे कोरड्या कढईत परतून गार कर, आणि चिंचेची चटणी खाणाऱ्यासमोरच घाल.

चहात आलं घालतेस ते दुधाबरोबर टाकू नकोस, दूध फाटतं. पाणी, गवती चहा आणि ठेचलेलं आलं आधी खळखळून उकळव, मग चहापत्ती, साखर, आणि दूध शेवटी. अंगणात गवती चहा नसेल तर माझ्याकडनं मुळासकट एक जुडगा ने, कुंडीतही जगतो.

तळून उरलेलं तेल गाळून ठेवतेस, ठेव. पण काळपट झालं, चिकट वाटलं किंवा तापताना फेस यायला लागला की टाकून दे, सिंकमध्ये मात्र ओतू नकोस. आमच्या गाडीवर आता तेल तपासायला माणसं येतात. 2018 पासून तेलातल्या खराब घटकांची मर्यादा 25 टक्के अशी ठरवून दिलीय. घरात यंत्र नाही, पण नाक आहे.

आणि भजी उरलीच, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तळत बसू नकोस, नुसती तेलकट होतात. कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून पातळसर आमटी कर, मावळी तिखट, चिंचेचा कोळ आणि गुळाचा खडा. आमटी रटरटा उकळू दे, मगच भजी त्यात सोड आणि पाच मिनिटांत गॅस बंद कर. इथं मात्र त्यांनी पाणी पिऊन फुगायलाच हवं. बरोबर तांदळाची भाकरी कर. काकांचा तो इंद्रायणीचा डबा त्या वेळी उघड.